पौर्णिमेचा रविवार

ॲन्सेल्मला मिळण्यासारखं होतं ते एवढंच: मुंबईतल्या एका बँकेच्या फुटबॉल टीममध्ये जागा, तिच्यासोबत कारकुनाची खुर्ची, आणि मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात लोकांनी विचारायचा एखादा वेगळा प्रश्न. सध्याचा प्रश्न ठरलेला होता. "काय कॅप्टन, प्लासिडने किती मारले?"

प्लासिडने त्या सीझनला चौदा मारले होते. ॲन्सेल्मने तीन, त्यातला एक पेनल्टीवर. चौदांपैकी नऊ ॲन्सेल्मच्या पासवर झाले होते आणि ते नऊच्या नऊ त्याला सामन्यांसकट पाठ होते. पण पास कोण मोजतं? ॲन्सेल्मकडे मामाने कुवेतहून पाठवलेले बूट होते. प्लासिड पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला, बापाच्या होडीवर आणि वाळूत वाढलेला. अनवाणी खेळायचा, आणि गोल झाला की धावत येऊन आधी कॅप्टनला मिठी मारायचा. ॲन्सेल्मला सगळ्यात जास्त झोंबायची ती हीच मिठी.

फायनल बघायला बँकेचे साहेब येणार होते. जागा एकच होती.

तारीख ठरवायला कॉलेजच्या खेळाच्या सरांनी कॅप्टनला बोलावलं. सर नाशिकचे. त्यांचा समुद्राशी संबंध चौपाटीपुरता.

"समोरचं कॉलेज दोन्हींना तयार आहे," सर म्हणाले. "हा रविवार की पुढचा?"

ॲन्सेल्मने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. या रविवारी अष्टमी. पुढच्या रविवारच्या चौकोनात पुरा गोल चंद्र. अष्टमीला पाण्याला ओढ नसते, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, माणसं जाळी शिवत बसतात. पौर्णिमेला उधाण, पाण्याच्या ओढीने जाळी भरतात, तेव्हा होडीवरचा माणूस किनाऱ्यावर सापडायचा नाही. वसईत हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"पुढचा, सर. आठवडाभर प्रॅक्टिस जास्त मिळेल."

सरांना कॅप्टनचं कौतुक वाटलं.

प्लासिडला कळलं तेव्हा त्याने बॉल पायाखाली थांबवला.

"उधानाचा दिस कुनी दिला रे?"

"समोरच्यांनी," ॲन्सेल्म बुटाची नाडी बांधत म्हणाला. "आपल्या हातात काय आहे?"

"अष्टमीला असती तर मी रिकामाच होतो. आता बापूस एकटा जाली कसा वढनार?" मग त्याने बॉल ॲन्सेल्मकडे ढकलला. "आनि कॅप्टन, त्या दिशी खाडीचं पानी मैदानात येल. बांध फुटलाय तिथं. जपून खेला."

ॲन्सेल्मला वाटलं, फायनल हुकली म्हणून कुरकुरतोय. तो स्वतः केळीच्या वाडीतला माणूस. विहिरीचं पाणी ज्या आळ्यात सोडावं तिथेच जातं, आणि थांब म्हटलं की थांबतं.

पौर्णिमेच्या रविवारी दुपारी पाणी मैदानात आलं आणि चार वाजायच्या आत चिखल ठेवून निघून गेलं. कुवेतच्या बुटांनी तो चिखल असा धरला की ॲन्सेल्म धावत होता की नांगरत होता, ते बघणाऱ्याला सांगता येईना. टीम तीन-शून्यने हरली. साहेबांनी समोरच्या कॉलेजच्या लेफ्ट विंगरचं नाव वहीत लिहिलं. पेनाला टोपण लावता लावता त्यांनी ॲन्सेल्मला जवळ बोलावलं.

"तुमचा तो अनवाणी खेळणारा कुठे आहे? चौदा गोलवाला. खरं म्हणजे मी त्याच्यासाठी आलो होतो. एखादी जागा वाढवूनही घेता येते."

ॲन्सेल्मच्या मिशीला चिखल लागला होता. तो त्याने पुसला.

"त्याला नोकरीची गरज नाही, साहेब. घरची होडी आहे."

साहेबांनी पेन खिशाला लावलं.

सोमवारी सकाळी प्लासिड वाडीत आला, डोक्यावर टोपली घेऊन. ॲन्सेल्म पडवीत बसून काठीने बुटांचा वाळलेला चिखल खरवडत होता. प्लासिडने टोपली उतरवली. ओले बोंबील, आणि वर दोन पापलेटं, हाताच्या पंजाएवढी.

"माझ्यामुलं हरलो, कॅप्टन. सगल्यांनी शिव्या घातल्या असतील."

"नाही रे."

"बापसाला सांगितलं, पयली टोपली कॅप्टनच्या घरी." तो पायरीवर टेकला. मग म्हणाला, "त्या सायबानं माझं काय विचारलं का?"

ॲन्सेल्म बुटाच्या तळाला लागलेला एक शिंपला काठीच्या टोकाने काढत होता. तो निघायला वेळ लागला.

"नाही."

"बरोबर हाय. बघितलाच नाय तर विचारंल कसा?" प्लासिड हसला.

ॲन्सेल्मची आई रेजिना आतून आली. मासे परातीत काढून घेतले, टोपली धुतली आणि प्लासिड नको नको म्हणत असताना तिच्यात राजेळी केळ्यांची एक फणी ठेवली. समुद्राकडून आलेली टोपली वाडीतून मोकळी परत जात नाही. तिच्या सासूच्या आधीपासूनची रीत होती ती. तिने फणीवरची केळी बोटाने मोजली आणि आणखी दोन सुटी टाकली.

प्लासिड टोपली डोक्यावर घेऊन केळीच्या आळ्यांमधून निघाला. ओल्या मातीत त्याच्या अनवाणी पावलांचे ठसे पडत गेले.

रेजिना पापलेटं उलटीपालटी करून बघत होती. तिचं समाधान झालेलं दिसलं.

"झालं," ती म्हणाली. "आता त्याचं आपल्याकडे काही राहिलं नाही."