बंद पंखा

सुहासिनीच्या लग्नाचं साल. लग्न मे महिन्यात झालं होतं. ऑगस्टच्या तिसऱ्या बुधवारी मैनाबाई दिग्रसच्या शाळेत समुपदेशक मॅडमच्या खोलीपुढे उभी होती. लहान नातीला, प्रेरणाला, त्या खोलीतून कायमची उठवून न्यायला ती आली होती.

सहा बुधवार झाले होते. दर बुधवारी पोरगी अर्धा तास या खोलीत बसायची. काय बोलते, असं विचारलं तर म्हणायची, "काही नाही." मैनाबाईचा विश्वास बसत नव्हता. शेजारची भुरीबाई म्हणाली होती, "थे मॅडम पोट्ट्यायच्या पोटातलं काढते अन् वहीत लिवते." वर ही अनघा मॅडम नेरहून एसटीनं यायची. मोठ्या नातीचं, सुहासिनीचं, सासरही नेरलाच. घरातली एक गोष्ट त्या वहीतून नेरला पोचली असती, तर सुहासिनीला सासरी कोणी सुखानं जगू दिलं नसतं.

मैनाबाई आत शिरली. दार विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं. पाऊस पडून गेला होता, खोलीत उकडत होतं आणि डोक्यावरचा पंखा बंद. प्रेरणा खुर्चीवर, हात मांडीखाली दाबून. मॅडमच्या कपाळावर घाम. पंखा असून कोणी असं बसतं?

"वही दाखवा," मैनाबाई म्हणाली.

"वही प्रेरणाची आहे, आजी. ती हो म्हणाली तर दाखवते."

प्रेरणानं होकारार्थी मान हलवली.

मैनाबाई साठीनंतर अक्षरं शिकली होती. बोट ठेवत तिनं वाचलं. सहा तारखा. प्रत्येक तारखेपुढे एकच ओळ. बसली. बोलली नाही.

"मंग बोलावता कायले?"

"मी नाही बोलावत. ती स्वतः येते. वर्गात दार लावून पंखा सुरू केला की ती उठून बाहेर पळते. म्हणून इथं दार उघडं ठेवते, पंखा बंद ठेवते. असं का होतं, ते तिनं सांगितलं नाही. मीही जोर केला नाही."

मैनाबाई पंख्याकडे पाहत राहिली. तिला लग्नाच्या दिवशीचा, मागच्या खोलीत नवऱ्याच्या खाटेपाशी लावलेला कूलर आठवला. बाहेर मांडवात वाजंत्री सुरू होती. तेव्हा ती या पोरीला म्हणाली होती, "दार लावून घे. कूलर बंद करू नको. कोणी आलं तर सांग, आबाजी झोपले." मग हिरव्या बांगड्या मागे सारून ती पाहुण्यांत गेली होती.

"कोणालेच नाही सांगितलं?" तिनं नातीला विचारलं.

"तूच नको सांगू म्हटलं होतं न, आजी."

मैनाबाई खाली फरशीवरच बसली. मॅडम घाईनं उठली, पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"लिवा," ती म्हणाली. "घरी त्याईच्या फोटोखाली तारीख चुकीची हाय."

"ही वही शाळेच्या कपाटातून बाहेर जात नाही, आजी."

"जाऊ द्या गेली तर. लिवा."

नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. आता घेतलं.

"सुतक लागलं असतं, लगन मोडलं असतं, म्हून मी दडवलं. वऱ्हाड निघेपर्यंत ही पोरगी त्याईच्यापाशी एकटी बसून होती. सदाशिवराव अठरा मेच्या पहाटे नाही गेले. सतरा तारखेले, शनिवारी, दुपारी तीन वाजता गेले. सुहासिनीले हार पडायच्या साडेतीन तास आधी."