तांबडा वळू

“लग्न ठरवताना कुणी एवढं विचारलं नव्हतं, बाई. एका वळूपायी किती ही चौकशी!” म्मा-ओडिरिले पुटपुटल्या.

टेबलापलीकडची दिंतले हसली. गॅबोरोन शहरातल्या गुरांच्या लिलाव कंपनीत बोली लावणाऱ्यांची ऐपत तपासणं हेच तिचं काम. उद्याच्या ऑनलाइन लिलावात तांबडा वळू निघणार होता. खात्यात पाच लाख पुला इतकी रक्कम दाखवल्याशिवाय त्यावर बोली लावता येत नव्हती.

“पैसे दिरांच्या खात्यात आहेत, आजी. त्यांची सही घेऊन मी बँकेला विचारते.”

“सगळ्यांसमोर विचार हं. मला कमी ऐकू येतं.”

शेजारी दीर मोलेफी गुडघ्यावर हॅट फिरवत होता. त्याचा भाऊ खाणीतल्या अपघातात गेला, भरपाई आली, ती घरातला पुरुष म्हणून त्याच्याकडे राहिली. विधवेनं दिराला हिशेब विचारायचा नसतो. म्मा-ओडिरिलेंनीही कधी विचारला नव्हता. त्या पैशावरच त्यांना उरलेलं आयुष्य काढायचं होतं, आणि आता हे वळूचं खूळ.

“वहिनी, सगळी पुंजी एका जनावरावर? मेलं तर?”

“मेलं तर खाऊ, भावोजी.”

वळू पारखायला म्हणून त्यांनी थोरल्या नणंदेला, गोराताला, मुद्दाम आणलं होतं. तिच्या शब्दाबाहेर घरात कुणी जात नसे.

“सही कर रे,” गोराता म्हणाली. “पैसा तिचाच आहे.”

मोलेफीनं सही केली.

दिंतलेनं फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडे नुसतं संगीत वाजत राहिलं. मोलेफीनं गळ्याचं बटण सोडलं.

“तोवर फोटो बघता, आजी?”

“कशाला? पांढराच ना?”

“तांबडा.”

“बरं, तांबडा.”

संगीत थांबलं. “बोला, कोणत्या खात्याबद्दल?”

“फोन ठेव,” मोलेफी म्हणाला.

“का रे?” गोराता त्याच्याकडे वळली. पलीकडून पुन्हा “हॅलो?” आलं.

“ठेव, पोरी. काही नाही त्यात.” त्याचा आवाज अगदी खाली गेला. “वहिनीचे पैसे मी संपवले.”

दिंतलेनं फोन बंद केला.

“आजी... मग त्या वळूच्या बोलीतून तुमचं नाव काढू?”

“कुठला वळू?” म्मा-ओडिरिले म्हणाल्या. मग त्यांनी नणंदेकडे पाहिलं. “ऐकलंत ना, वन्सं?”