लाल दिवा

रोह्याच्या दवाखान्यातल्या आवाजबंद खोलीत बायजा हेडफोन लावून बसली होती. आवाज आला की हातातले बटण दाबायचे. मग काचेपलीकडे कान तपासणाऱ्या नूतनच्या टेबलावर लाल दिवा लागायचा. डाव्या कानाने तिचे निभत होते. तीस वर्षे पेणच्या पोहा गिरणीत खपलेल्या उजव्या कानात थोडे तरी ऐकणे उरले असले, तरच त्याला यंत्र बसणार होते.

बायजाने बटण दाबले. पुन्हा दाबले.

नूतनने दार उघडले. "मावशी, मी आवाज सोडलाच नव्हता. अंदाजानं दाबू नका."

"अंदाज कशाला गो? डबा वाजला. दोनदा."

गिरणीच्या घरघरीत बाया एकमेकींना पत्र्याचा डबा दोनदा ठोकूनच बोलावत असत.

"तो कान गेलाय, मावशी. भास होतात असे." नूतनने हेडफोन काढून घेतले. "आता बघा, काहीच येणार नाही."

"कान माझा हाय. गेला का नाय, ते मी सांगेन. जा, बस तुझ्या जागेवर."

दार बंद झाले. बायजा ताठ बसली. ठोके पुन्हा पडले, या वेळी अगदी उजव्या खांद्यामागे. तिथे नुसती भिंत होती. तिने मान वळवली नाही. बटण समोरच्या टेबलावर ठेवले आणि दोन्ही रिकामे हात काचेसमोर उंच धरले.

"आता कोण दाबतंय, तूच सांग गो."

काचेपलीकडे नूतनच्या चेहऱ्यावर लाल उजेड पडला. विझला. आणि पुन्हा पडला.