पोच

निरक्षर माणसे मोबाइलवर लिहिणे-वाचणे कसे निभावतात, याचा अभ्यास करण्यासाठी उर्वशी नावाची विद्यार्थिनी यवतमाळहून दिग्रसजवळच्या तांड्यावर आली, तेव्हा जमनीबाईंना हायसे वाटले. महागावला दिलेली त्यांची लेक संगीता महिनाभर फोनवर बोललीच नव्हती. लिहिलेले निरोप तेवढे येत, आणि गेल्या अठरा दिवसांत तेही थांबले होते. वाचून दाखवणारा मुलगा राजकुमार पुण्याला कामावर होता.

"मग आजी, न वाचता तुम्ही उत्तर काय देता?"

"अंगठा," जमनीबाई हसून म्हणाल्या. "पोस्टमन कागद आणे, तं पोचल्याचा अंगठा घेत नव्हता का? तसाच फोनातला. लिही तुह्या वहीत, बुढी अडाणी हाय, पण पोच देयाले चुकत नाही. आता वाच बरं, काय म्हणते माही पोरगी आपल्या याडीले."

उर्वशीने फोन हाती घेतला. वाचता वाचता तिचा स्वर खाली उतरत गेला.

"याडी, फोनवर बोलली का हे लोक मारतात, म्हणून लिहून राह्यली. कोणाकडून वाचून घेजो. मले इथून निघाचं हाय. पण राजकुमारदादा म्हणते, माहेरी येऊ नको. तुहंबी तेच म्हणणं हाय का?"

त्याखाली जमनीबाईंचा उभा अंगठा होता.

 

आणि अंगठ्याखाली संगीताची शेवटची ओळ होती, "बरं याडी. आता नाही विचारत."