दरडीवरची वाट

तीन वर्षांपूर्वी क्वेंका शहराजवळ कोसळलेल्या दरडीने याडिराच्या वडिलांना गिळलं. देह सापडलाच नाही. भूगोलाच्या प्रबंधासाठी तिने नेमकी तीच दरड निवडली.

ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांत त्या उतारावर एक पायवाट दिसत होती. रोज कोणी चाललं तरच पडते, तशी बारीक आणि स्वच्छ.

"शेळ्या असतील, डॉक्टरीणबाई," तिचा वर्गमित्र एदिसन मक्याच्या पानात उकडलेली हुमिता चावत तिला चिडवत म्हणाला.

"इतक्या शिस्तीच्या शेळ्या? तुझ्यापेक्षा बऱ्या म्हणायच्या."

नकाशावर रेघ मारण्याआधी ती जागा पायांनी तपासायची, हा भूगोल विभागाचा नियम. शनिवारी दोघं गेली. उतारावर कमरेएवढं गवत होतं. वाट कुठेच नव्हती. एदिसन खाली ड्रोन उडवत थांबला आणि याडिरा पिवळा रेनकोट घालून, हातातलं जीपीएस यंत्र छायाचित्रातली वाट दाखवेल तशी, गवत तुडवत मोठ्या खडकापर्यंत गेली. वडिलांना हाक मारावीशी वाटली. मारली नाही. परत फिरली.

सोमवारी प्रयोगशाळेत तिने छायाचित्रं उघडली. गवतात वाट होतीच. वाटेवर तीही होती, खडकापर्यंत.

"शेवटचं बघ," एदिसन हळूच म्हणाला. "तू खाली आल्यावर ड्रोनने आपोआप घेतलंय. मी तुला पाणी देत होतो."

चित्राच्या कडेला एदिसन एकटाच उभा होता, रिकाम्या जागेकडे बाटली पुढे करून.

याडिराने चित्राचा वरचा भाग पडद्यावर आणला. खडकाच्या कितीतरी पलीकडे पिवळा रेनकोट वाटेने चालला होता, आणि त्याच्या पुढे कोणीतरी वळून थांबलं होतं.