मूळ प्रतीची किल्ली

अकराव्या प्रयत्नालाही पडद्यावर तोच संदेश उमटला: या प्रतीत आधीच दुरुस्त्या घातलेल्या आहेत, सर्व्हिस पॅक मिसळता येणार नाही. भिवा तांबे सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि वहीत अकरा या आकड्यापुढे 'अयशस्वी' असे लिहिले. अक्षर सरळच आले. हात मात्र थकला होता.

परवा, एकतीस मे २००८ रोजी, सर निवृत्त होणार होते. तंत्रशिक्षण संस्थेत ड्राफ्ट्समनचे शिक्षक म्हणून लागल्याला छत्तीस वर्षे झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या कुठल्याही कागदावर एकही खाडाखोड नव्हती. जाण्यापूर्वी प्रयोगशाळेतले वीसही संगणक त्यांना धडधाकट करून द्यायचे होते. त्यासाठी एकच सीडी हवी होती. संगणकाच्या प्रणालीच्या जुन्या सीडीवरून केबिनमधल्या संगणकावर उतरवून ठेवलेली मूळ प्रत आणि कंपनीने मागाहून काढलेल्या दुरुस्त्यांचा गठ्ठा, म्हणजे सर्व्हिस पॅक, एकजीव करून देणारे एक छोटे सॉफ्टवेअर सरांकडे होते. किरकोळ दुरुस्त्या त्याने अडीच वर्षे निमूटपणे घातल्या. नेमके आताच ते अडून बसले होते. सरांनी सर्व्हिस पॅक दोनदा उतरवून घेतला. संगणक बदलून पाहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच नोंदवायची, ही त्यांची रीत. वीज सकाळपासून तीनदा गेली होती. पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता.

"सर, आधी चाय घ्या," रेणुका म्हणाली. ती अलोऱ्याची, एके काळची त्यांचीच विद्यार्थिनी आणि आता त्यांच्या जागी येणारी शिक्षिका. "तुमच्या वहीलापण घाम फुटलाय."

"मूळ प्रत शुद्ध आहे. दोष दुसरीकडे असणार."

"संदेश तर प्रतीलाच दोष देतोय. कोणी हात लावला असेल तर?"

"लावणार कोण?" सरांनी खिशावर हात ठेवला. "हमझा गेल्यापासून या केबिनची किल्ली माझ्या खिशातून बाहेर पडलेली नाही."

हमझा मुकादम दाभोळचा. प्रयोगशाळेत कंत्राटी परिचर होता. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. दोन वर्षांपूर्वी मूळ प्रतीतल्या फाइलींची संख्या सरांच्या वहीतल्या आकड्याहून जास्त भरली होती. केबिनची दुसरी किल्ली तेव्हा हमझाकडे असे. "अल्लाची कसम, सर, मी हात नाय लावला," तो म्हणाला होता. "झाडू मारला न् भायेर पडलो." सरांनी आवाज चढवला नाही. तीन ओळींचा नेमका अहवाल लिहिला. महिनाअखेरीस कंत्राट संपले, ते पुढे वाढले नाही. सरांनी कपाटातल्या सीडीवरून मूळ प्रत नव्याने उतरवली, दुसरी किल्लीही स्वतःकडे घेतली आणि विषय मिटवला. कुलूप पक्के झाल्यावर मोजणीची गरज उरली नव्हती.

रेणुकाने स्टूल ओढले. "सर, दुरुस्ती घालताना त्या सॉफ्टवेअरला फोल्डर कुठला दाखवता?"

"मूळ प्रतीचाच. ते स्वतःची वेगळी प्रत काढून तिच्यावर काम करते." सरांनी तळवा टेबलावर पसरला. "मूळ आराखड्यावर ट्रेसिंग पेपर अंथरायचा आणि रेघा वरच्या कागदावर ओढायच्या. खालच्याला पेन्सिलही लागत नाही. तुला पहिल्याच वर्षी शिकवले आहे."

"हे ट्रेसिंग नाही करत, सर. दाखवाल त्याच कागदावर रेघा मारतं."

"अशक्य."

"मग मोजा ना. रीत तुमचीच."

सरांनी कपाटातून सीडी काढली. नवा फोल्डर केला, त्यात सीडी जशीच्या तशी उतरवली, फाइली मोजल्या आणि आकडा वहीत लिहिला. मग सॉफ्टवेअरला तोच फोल्डर दाखवून एक छोटी दुरुस्ती घातली. पुन्हा मोजणी केली. आकडा वाढला होता. त्यांनी चष्मा पुसून परत मोजले. वाढलेलाच होता.

रेणुका पडद्याकडे पाहत होती. सरांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली होती आणि ते त्या किल्लीकडे पाहत होते.

त्यानंतरचे काम रेणुकाने केले. सीडी पुन्हा एका कोऱ्या फोल्डरात उतरवली आणि त्यात दुसरे काहीही न घालता थेट सर्व्हिस पॅक मिसळला. संदेश आला नाही. पाऊण तासाने नवी सीडी तयार झाली आणि खिडकीजवळचा पहिला संगणक तिच्यावर सुरळीत चालू लागला.

"झालं, सर!" ती हसली. "बाकीचे एकोणीस मी उद्या बघते. तुम्ही कागदावर सही करा न् मोकळे व्हा."

हस्तांतरणाचा कागद सरांनी सकाळीच भरून ठेवला होता. वीस संगणक, वीस खुर्च्या, कपाट एक, किल्ल्या दोन. शेवटचा रकाना 'प्रलंबित बाबी' असा होता आणि त्यात त्यांच्या सरळ अक्षरात लिहिले होते, 'निरंक'.

सरांनी पेनाचे टोपण काढले. पट्टी घेतली. 'निरंक' या शब्दावर एक आडवी रेघ मारून बाजूला आद्याक्षरे केली आणि खाली लिहिले:

'श्री. हमझा मुकादम, दाभोळ. मूळ प्रतीत फेरफार त्यांनी केला नव्हता. तो मी केला होता.'