साडेसहाची गाडी

“पांढरे कपडे वेगळे, रंगीत वेगळे. परवा तुमच्या सदऱ्याचं काय झालं, बघितलंत ना?” बायको म्हणाली.

मुद्रितशोधकांनी मुकाट्याने मान हलवली. सदरा गुलाबी झाला होता.

चौतीस वर्षं ते एका वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून दुसऱ्यांच्या चुका काढत आले होते. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला अनुस्वार, दोनदा पडलेली ओळ, काही म्हणून त्यांच्या नजरेतून निसटत नसे. आता निवृत्तीला दोन महिने उरले होते. सकाळी उठून जायचं कुठे? दिवसभर करायचं काय? त्यांनी कुणाला न सांगता मुदतवाढीचा अर्ज देऊन ठेवला होता. कचेरीतला शिपाई म्हणायचा, “साहेब, आता घरी बसून वहिनींच्या चुका काढा.” ते हसायचे, पण ओठांपुरतंच.

“घरी बसून मी काय कामाचा?” एकदा जेवता जेवता त्यांच्या तोंडून निघून गेलं.

बायको ताटं उचलत म्हणाली, “उद्यापासून भाजी चिरायला घ्या.”

तेव्हापासून ही शिकवणी सुरू होती. भाताला पाणी किती, गॅसचा नंबर कुठे लिहिलाय, कपाटाच्या कुठल्या खणात काय, सगळं ती त्यांच्याकडून घोकून घेत होती.

“अगं, एवढी घाई कसली? तू आहेस ना घरात. शिकेन हळूहळू.”

“वेळ कुठाय?” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. “म्हणजे, पहिल्या तारखेपर्यंत यायला हवं सगळं.”

ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं.

एके दिवशी ते अकरा वाजताच घरी आले, तर दाराला कुलूप. तासाभराने ती आली. घामाने डबडबलेली, चेहरा उतरलेला. पाण्याचा पेला तिने उभ्या उभ्याच रिकामा केला.

“कुठे गेली होतीस?”

“जरा काम होतं.”

पुढच्या आठवड्यात कपाटात टॉवेल शोधताना एक कागद हाती लागला. डॉक्टरांचा. तिचं नाव, वय, डोळे, रक्तदाब, साखर. आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरात ‘पुन्हा तपासणी आवश्यक’. आजवर कसलंही अक्षर त्यांना अडलं नव्हतं. आज पहिल्यांदाच वाटलं, आपण चुकीचं वाचलं असावं.

त्यांनी गॅलरीत जाऊन मुलीला फोन लावला. “आईला काय झालंय गं?”

मुलगी म्हणाली, “बाबा, ते तिचं तीच सांगेल. मला शपथ घातलीय तिने. तुम्ही फक्त ती शिकवतेय ते नीट शिकून घ्या.”

फोन ठेवून ते बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले. तिला सांगायचं नसेल तर विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ते पाचला उठले. चहा केला, कपडे वाळत घातले, स्वतःचा डबाही भरला. भाजी खारट झाली, ती निमूट खाल्ली. महिनाभरात हात बसला. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं, की निवृत्तीच्या विचाराने छातीत धडधडणं केव्हाच थांबलंय. घरात आपली गरज आहे. माणसाला आणखी काय लागतं?

ते थेट संपादकांकडे गेले.

“माझा मुदतवाढीचा अर्ज फाडून टाका.”

“अहो, तो मंजूर होण्यातच होता!”

“नको. घरी काम आहे.”

निरोप समारंभ आटोपून ते घरी आले तेव्हा ती पिशवी भरत होती. टॉवेल, पाण्याची बाटली, स्वेटर, कागदांची फाइल.

“उद्या साडेसहाला गाडी येणार आहे,” ती खाली मान घालून म्हणाली. “तुम्हाला कधीचं सांगायचं होतं…”

“सांगू नकोस. मला कळलंय. कागद बघितला मी.”

ती टक लावून बघत राहिली. “आणि रागावला नाहीत?”

“रागवायचं काय त्यात?”

“मला वाटलं, या वयात हे कसलं खूळ म्हणाल.”

खूळ? बिचारी स्वतःलाच दोष देतेय, त्यांना वाटलं. “वेडी आहेस. घराची काळजी सोड. सगळं येतं आता मला. तू फक्त धीर सोडू नकोस.”

तिचे डोळे भरून आले. “धीरच तर होत नव्हता हो. आता तुम्ही म्हणताय ना, मग होईल सगळं नीट.”

सकाळी ते तिची पिशवी खांद्याला अडकवून, तिचा हात धरून एकेक पायरी उतरले.

“मी सोबत येतो,” ते म्हणाले.

“मोठ्या माणसांना बसायची परवानगी नाही.”

काय एकेक नियम असतात यांचे, असं पुटपुटत त्यांनी फाटक उघडलं. समोर एक पिवळी बस धडधडत उभी होती. गणवेशातला एक माणूस खाली उतरला आणि वाकून म्हणाला, “बाई, लायसन्स आणि डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा. आणि क्लच थोडा जड आहे, तेवढं सांभाळा.”

तिने त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेतली, पदर खोचला, झपझप वर चढून स्टिअरिंगमागे बसली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“अहो, असे मध्येच काय उभे राहिलात? बाजूला व्हा, पहिल्या थांब्यावर मुलं खोळंबली असतील!”